अमेरिकेतील शहरांचा हिवाळा: जानेवारीच्या सरासरीपलीकडे काय पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्हा पतिपत्नींना नोकरीसाठी मिनिआपोलिस, शिकागो, बॉस्टन, डेन्व्हर, सिअ‍ॅटल आणि डॅलस या सहा शहरांतून निवड करता येणार आहे, बरोबर तीन वर्षांची मुलगी आहे, आजवरचे आयुष्य नाशिक आणि पुण्यात गेले आहे, आणि कोणत्या शहराचा हिवाळा सर्वांत सुसह्य हे ठरवण्यासाठी तुम्ही सहाही शहरांचे जानेवारीचे सरासरी तापमान मांडून क्रम लावला आहे. त्या क्रमात डॅलस सर्वांत वर (सुमारे ८ अंश सेल्सिअस), त्यानंतर सिअ‍ॅटल (६), डेन्व्हर (०), बॉस्टन (उणे १), शिकागो (उणे ४) आणि शेवटी मिनिआपोलिस (उणे ९) येते. आकडे बरोबर आहेत. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या अधिकृत सरासरीशी ते जुळतात. परंतु हिवाळी हवामानाचा अंदाज वर्तवण्याचे काम बरीच वर्षे केल्यानंतर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की, घर कुठे करायचे हे ठरवताना या सरासरीचा उपयोग फार थोडा होतो. थंडी किती पडते यापेक्षा ती किती वेगाने बदलते, ती पडते तेव्हा हवेत ओलावा आणि वारा किती असतो, आणि त्या शहराची घरे, रस्ते व वीजव्यवस्था तिच्यासाठी कितपत तयार असतात, यांवर तेथील हिवाळा सोपा की अवघड हे ठरते.

आधी या फरकांमागचे कारण पाहू, कारण ते लक्षात आले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. भारताच्या उत्तरेला हिमालय आडवा असल्यामुळे मध्य आशियातील अतिथंड हवा आपल्यापर्यंत थेट पोहोचत नाही. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली गेला तर वर्तमानपत्रांत बातमी होते. उत्तर अमेरिकेत अशी पूर्व-पश्चिम पर्वतरांग नाही. रॉकी आणि अ‍ॅपलाचियन या दोन्ही मोठ्या रांगा साधारणपणे उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या विस्तीर्ण मैदानातून कॅनडातील ध्रुवीय हवा एक-दोन दिवसांत थेट टेक्सासपर्यंत उतरू शकते. त्याच मैदानातून मेक्सिकोच्या आखातावरची उबदार, दमट हवा उत्तरेकडे चढत असते. या दोहोंची गाठ जेथे पडते तेथे हिमवादळ होते किंवा गोठणारा पाऊस पडतो, आणि ही सीमारेषा दर आठवड्याला शेकडो किलोमीटर सरकते. सिअ‍ॅटल मात्र या खेळाच्या बाहेर आहे. ते मिनिआपोलिसपेक्षाही उत्तरेला असूनही जानेवारीत सुमारे १५ अंशांनी उबदार असते, कारण तेथे वारा बहुतेक काळ पॅसिफिक महासागरावरून येतो आणि कॅस्केड पर्वत आतल्या भूभागातील थंड हवा अडवून धरतात. बॉस्टनही समुद्रकाठी आहे. पण तेथे प्रमुख वारे पश्चिमेकडून, म्हणजे गोठलेल्या जमिनीवरून येतात, त्यामुळे समुद्र शेजारी असून त्याची ऊब शहराला फारशी मिळत नाही.

आता तुम्ही न मांडलेला एक आकडा घ्या. मिनिआपोलिस, बॉस्टन आणि डेन्व्हर या तिन्ही शहरांत वर्षाकाठी सरासरी सव्वा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. बर्फाच्या आकड्यावरून क्रम लावला तर ही तिन्ही शहरे एकाच पायरीवर बसतील. प्रत्यक्षात त्यांचे हिवाळे इतके वेगळे आहेत की एका शहरात शिकलेल्या सवयी दुसऱ्या शहरात फारशा उपयोगी पडत नाहीत.

मिनिआपोलिसमध्ये जानेवारीचे दुपारचे सरासरी कमाल तापमानही सुमारे उणे ५ असते. डिसेंबरात पडलेला बर्फ बहुतेक वर्षी मार्चपर्यंत जमिनीवर राहतो, आणि त्यावर नवे थर चढत जातात. अलास्कातील अँकरेजचे जानेवारीचे सरासरी तापमानही जवळपास एवढेच आहे, यावरून या थंडीची कल्पना यावी. पण हा बर्फ कोरडा आणि भुरभुरीत असतो, आणि शहर त्याच्यासाठीच बांधलेले आहे. मध्यवर्ती भागातील इमारती रस्त्यावरून जाणाऱ्या बंदिस्त, उबदार पुलांनी जोडलेल्या आहेत. या मार्गांची एकूण लांबी सुमारे १५ किलोमीटर आहे, आणि जानेवारीत कार्यालयातून बँकेत, बँकेतून जेवायला, असा दिवसभराचा व्यवहार कोट न घालता होऊ शकतो. मोठा बर्फ पडला की महापालिका ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर करते आणि तीन दिवस ठरलेल्या क्रमाने रस्त्याच्या बाजू मोकळ्या करून घेते. त्या क्रमाप्रमाणे गाडी हलवली नाही तर ती उचलून नेली जाते. एक तांत्रिक गोष्ट येथे सांगायला हवी. रस्त्यावर टाकले जाणारे साधे मीठ सुमारे उणे ९ अंशांखाली जवळजवळ निकामी होते. त्यामुळे कडाक्याच्या दिवसांत तेथील गल्ल्यांमध्ये दाबून घट्ट झालेला बर्फ तसाच राहतो, आणि लोक हिवाळी टायर लावून, अंतर ठेवून, सावकाश चालवतात. या थंडीबद्दल भीती बाळगावी असे मला वाटत नाही. तिचा मान मात्र राखावा लागतो, आणि ती लांबते. तिथे राहणाऱ्यांना जानेवारीपेक्षा एप्रिलमधला बर्फ जास्त नकोसा होतो.

बॉस्टनमध्ये तापमान शून्याच्या आसपास घोटाळत राहते, आणि खरी अडचण तीच आहे. दिवसा बर्फ वितळून पदपथावर चिखलमिश्रित पाणी साचते आणि रात्री तेच पाणी पारदर्शक थर होऊन गोठते. हा ‘ब्लॅक आइस’ डांबरावर दिसत नाही, आणि उणे १५ अंशांच्या कोरड्या सकाळीपेक्षा उणे १ ची ओली सकाळ पायी चालणाऱ्यासाठी जास्त धोकादायक असते. शिवाय बॉस्टनचा मोठा बर्फ ‘नॉरईस्टर’ नावाच्या वादळांतून पडतो. कमी दाबाचे क्षेत्र किनाऱ्याला समांतर वर सरकते, त्याभोवती उलट्या घड्याळी दिशेने फिरणारा वारा ईशान्येकडून समुद्राचा ओलावा घेऊन शहरावर आदळतो, आणि वादळाचा मार्ग ५०–६० किलोमीटर इकडे-तिकडे झाला तरी बंदराजवळ पाऊस आणि आतल्या भागातील वूस्टर शहरात गुडघाभर बर्फ, असा फरक पडतो. अंदाज वर्तवणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. १९७८ च्या फेब्रुवारीतील वादळात शहराभोवतीच्या महामार्गावर हजारो गाड्या अडकल्या होत्या. २०१४–१५ च्या हंगामात एकूण सुमारे २८१ सेंटिमीटर बर्फ पडला, आणि त्यातला बहुतेक जानेवारीच्या अखेरीपासून काही आठवड्यांतच पडला. उपनगरी गाड्या बंद पडल्या, आणि शहराने साठवलेल्या बर्फाच्या ढिगाचा शेवटचा भाग जुलैच्या मध्यावर वितळला. ओल्या बर्फाच्या वजनाचाही विचार करा. ३० सेंटिमीटरचा कोरडा थर चौरस मीटरमागे १५ ते २० किलो भरतो, तर ओला थर ४० ते ५० किलो. फावड्याने तो उपसताना दरवर्षी लोकांना हृदयविकाराचे झटके येतात. आईवडील तुमच्याकडे येऊन राहणार असतील तर बर्फ काढण्याचे काम त्यांच्यावर कधीही पडू देऊ नका, त्यांनी कितीही उत्साह दाखवला तरी.

डेन्व्हरला तेवढाच बर्फ पडतो आणि दोन-तीन दिवसांत रस्त्यांवरून नाहीसा होतो. शहर १६०० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आहे, ऊन प्रखर आहे, आणि रॉकी पर्वतावरून खाली उतरणारा ‘चिनूक’ वारा उतरताना दाबला जाऊन प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी तापतो. जानेवारीत दुपारी सरासरी ७ अंश आणि पहाटे उणे ७ अंश असे तेथील दिवसाचे स्वरूप असते. तुमच्या तक्त्यातला शून्य हा या दोहोंचा मध्य आहे, आणि दिवसाच्या फार थोड्या वेळी तो खरा असतो. बर्फाचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत लांबतो, आणि सर्वाधिक बर्फ साधारणपणे मार्चमध्ये पडतो. मार्च २००३ मधील एका वादळाने तेथे सुमारे ८० सेंटिमीटर बर्फ टाकला होता. बदलाचा वेग मात्र थक्क करणारा असतो. २१ डिसेंबर २०२२ रोजी ध्रुवीय हवेची आघाडी आली तेव्हा एका तासात तापमान सुमारे २० अंशांनी उतरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पारा उणे ३१ पर्यंत गेला. म्हणून डेन्व्हरमध्ये सकाळचे ऊन पाहून कपडे ठरवू नयेत, आणि गाडीत एक जाड कोट हंगामभर ठेवावा.

शिकागोबद्दल तुम्ही वाऱ्याची भीती व्यक्त केली आहे. ते ‘वाऱ्याचे शहर’ म्हणून ओळखले जात असले तरी बॉस्टनचा सरासरी वारा शिकागोपेक्षा जास्त असतो. शिकागोत वारा जास्त झोंबतो तो तापमान कमी असल्यामुळे, आणि मिशिगन सरोवराकाठच्या उंच इमारतींमधून तो जोराने घुसतो म्हणून. ‘विंड चिल’ हा आकडा उघड्या त्वचेतून उष्णता किती वेगाने निघून जाते याचा अंदाज देतो. २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार हवा उणे १० अंश आणि वारा ताशी १० किलोमीटर असेल तर तो उणे १५ येतो, आणि वारा ३० किलोमीटर झाला की उणे २० येतो. साधारण उणे २८ च्या खाली उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू लागते. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत तापमान उणे ३१ आणि विंड चिल सुमारे उणे ४७ होता. मध्य-पश्चिमेच्या अनेक भागांत त्या दिवशी टपालवाटपही थांबवले गेले. एवढी टोकाची थंडी क्वचित येते आणि दोन-तीन दिवसांत जाते, आणि तिचा अंदाज आता चार-पाच दिवस आधी भरवशाने देता येतो. हा आकडा फक्त सजीवांना लागू होतो, हेही लक्षात ठेवा: वाऱ्याने गाडीचे इंजिन किंवा पाण्याचा पाईप लवकर थंड होतो, पण हवेच्या तापमानाखाली कधीच जात नाही. शिकागोत गाडी ठेवणार असाल तर आणखी एक नियम: डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत ठरावीक मुख्य रस्त्यांवर पहाटे ३ ते ७ गाडी उभी करता येत नाही, मग बर्फ पडलेला असो वा नसो.

बफेलोमध्येही मुलाखत झाली असल्याचे तुम्ही शेवटी लिहिले आहे. तेथील जानेवारीची सरासरी शिकागोच्या जवळपास आहे, पण वार्षिक बर्फ सुमारे २४० सेंटिमीटर, म्हणजे शिकागोच्या अडीच पट. याचे कारण ईरी सरोवर. नोव्हेंबर-डिसेंबरात सरोवराचे पाणी अजून उबदार असते. त्यावरून लांबवर वाहत आलेली थंड हवा खालून उष्णता आणि ओलावा घेते आणि काठावर पोहोचताच एका अरुंद पट्ट्यात प्रचंड बर्फ टाकते. हा पट्टा इतका अरुंद असतो की नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत दीड ते दोन मीटर बर्फ साचला, तर उत्तर भागात काही सेंटिमीटरच पडला. ईरी उथळ असल्याने बरेचदा जानेवारी-फेब्रुवारीत गोठते आणि मग हा बर्फ ओसरतो. ऑन्टॅरिओ सरोवर खोल आहे, क्वचितच गोठते, आणि म्हणून त्याच्या जवळच्या सिराक्यूज शहरात हंगामभर मिळून ३ मीटरहून अधिक बर्फ पडतो. डिसेंबर २०२२ च्या नाताळातील हिमवादळात बफेलो परिसरात ४० हून अधिक माणसे दगावली. बर्फाची सवय असलेल्या शहरातही वादळी वाऱ्यात, काही न दिसणाऱ्या रस्त्यावर बाहेर पडणे किती घातक असते, हे त्या वादळाने पुन्हा दाखवले. बफेलोला गेलात तर घर शहराच्या उत्तरेकडे शोधा. पंधरा-वीस किलोमीटरच्या अंतराने हिवाळा बदलतो.

आता डॅलस, ज्याला तुम्ही पहिला क्रमांक दिला आहे. बहुतेक दिवसांसाठी तो योग्यच आहे. जानेवारीतील अनेक दुपारी तेथे पुण्याच्या डिसेंबरातील सकाळीसारखी हवा असते. परंतु वर सांगितलेले मोकळे मैदान डॅलसपाशी संपत नाही. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथे पारा उणे १९ पर्यंत उतरला, आणि त्याच सुमारास राज्यातील लाखो घरांची वीज गेली. टेक्सासचे वीजजाळे शेजारच्या राज्यांशी जवळजवळ जोडलेले नाही, वायूच्या वाहिन्या आणि वीजकेंद्रे थंडीसाठी पुरेशी झाकलेली नव्हती, आणि मागणी मात्र एकाच वेळी शिगेला पोहोचली होती. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचा जीव थंडीने गारठून गेला. गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून किंवा घरात शेगडी पेटवून ऊब मिळवताना कार्बन मोनॉक्साइडने गुदमरलेलेही त्यांत होते. मिनिआपोलिसमध्ये उणे १९ हा एक साधा मंगळवार असतो, आणि मला या विषयात सर्वांत जास्त महत्त्वाचे वाटते ते हेच: त्याच तापमानाला एक शहर शाळा चालू ठेवते आणि दुसऱ्यात माणसे घरात गारठून मरतात. त्यानंतर टेक्सासने वीजकेंद्रांसाठी नियम कडक केले आहेत, आणि परिस्थिती सुधारली आहे. तरीही तेथील अनेक घरांत पाण्याचे पाईप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून, पुरेसे आवरण नसताना गेलेले असतात, आणि ते गोठून फुटतात. डॅलसचा दुसरा धोका गोठणाऱ्या पावसाचा आहे. वरच्या थरात आखाताची उबदार हवा आणि जमिनीलगत उथळ थंड हवा अशी रचना झाली की पाऊस थेंबांच्या रूपात पडतो आणि रस्त्याला लागताच गोठतो. त्यावर कोणतीही गाडी, कोणताही टायर आणि कोणताही अनुभवी चालक टिकत नाही; ११ फेब्रुवारी २०२१ रोजी फोर्ट वर्थच्या महामार्गावर पहाटे १३० हून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि ६ माणसे गेली. अशा दिवशी घरी राहणे हाच एकमेव उपाय आहे, आणि कार्यालयाला तसे कळवण्यात संकोच बाळगू नये.

सिअ‍ॅटलचे थोडक्यात सांगता येईल. तेथे थंडीचा त्रास नगण्य. बर्फ हंगामात एखाद-दोनदा पडतो, पण चढउतारांच्या रस्त्यांमुळे तेवढ्यानेही शहर थांबते. वर्षभराचा पाऊस सुमारे १००० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. मात्र तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत रिमझिम पसरलेला असतो. अडचण आहे ती प्रकाशाची. डिसेंबरच्या अखेरीस दिवस साडेआठ तासांहूनही लहान असतो, सूर्य दुपारी सव्वाचारच्या सुमारास मावळतो, आणि त्यातलाही बराच काळ आभाळ भरलेले असते. नाशिकचा सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. काही लोकांना याचा काहीच त्रास होत नाही, तर काहींची झोप आणि मनःस्थिती नोव्हेंबरपासूनच बिघडते. पावसाळी, काळोख्या दिवसांत आपल्याला कसे वाटते हे तुम्हाला जुलै महिन्यावरून ठाऊक असेल; सिअ‍ॅटलच्या बाबतीत ते उत्तर कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे.

मुलीच्या दृष्टीने एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण नव्याने आलेले पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. गाडीतील बालआसनाच्या पट्ट्यांखाली फुगीर कोट कधीही घालू नये. धडक बसली की कोट दबतो आणि पट्टे सैल पडतात. पातळ थरांचे कपडे घालून पट्टे आवळावेत आणि वरून पांघरूण द्यावे. हातमोजे पाच बोटांचे घेण्यापेक्षा सर्व बोटे एकत्र राहणारे घ्यावेत, ते जास्त उबदार राहतात. कपड्यांची सगळी खरेदी भारतातून करून येऊ नका. त्या-त्या शहरातील दुकानांत तिथल्या थंडीला साजेसे बूट आणि कोट मिळतात.

माझे मत विचारले आहेत म्हणून स्पष्ट लिहितो. बर्फात गाडी चालवण्याचा अनुभव नाही, लहान मूल आहे आणि हा पहिलाच हिवाळा आहे, अशा कुटुंबासाठी या सहांपैकी मी डेन्व्हर आधी सुचवेन, कारण तेथे वाईट दिवस येतात पण ऊन त्यांना टिकू देत नाही. त्यानंतर रेल्वेस्थानकापासून चालत जाता येईल असे घर मिळाल्यास शिकागो. मिनिआपोलिसला मी तुमच्या क्रमातील शेवटच्या जागेवरून वर आणीन, आणि बॉस्टनला खाली. डॅलस घर पाहून ठरवा. निवड पक्की करण्याआधी राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर त्या शहराची तीस वर्षांची नोंद उघडा आणि सरासरीऐवजी तीन गोष्टी पाहा: कमाल तापमानही शून्याखाली राहिलेले दिवस वर्षाला किती, बर्फाचा पहिला व शेवटचा दिवस साधारण कधी, आणि गेल्या तीस वर्षांतले सर्वांत कमी तापमान किती. तेथे पोहोचल्यावर या सेवेच्या स्थानिक कार्यालयाचे रोजचे अंदाजविवेचन वाचण्याची सवय लावा. त्यात अंदाज वर्तवणारा स्वतःला कोणत्या गोष्टीची खात्री वाटते आणि कोणत्या गोष्टीची नाही हे सरळ लिहितो, जे मोबाइलवरच्या चित्रातून कधीच कळत नाही.

घराच्या करारावर सही करण्यापूर्वी घरमालकाला चार प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरेही लेखी घ्या: घर गरम करण्याची यंत्रणा वायूवर चालते की विजेवर, वीज गेल्यास ती चालू राहते का, दारासमोरचा बर्फ कोणी काढायचा, आणि पाण्याची मुख्य तोटी कुठे आहे. शेवटचा प्रश्न डॅलसच्या घरासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्तर मिळाल्यावर ती तोटी स्वतः फिरवून बंद होते का ते पाहून घ्या.